आवाज वाढोला का बंद पडते

तर झालं असं, की मागच्या वर्षी होळीच्या आसपास आईचा फोन आला. कापसाचे भाव, शेजारच्या घरातलं लग्न, टाकीचं पाणी असं सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुह्या बाबाचा तो डबा बिघडला. आवाज वाढोला का बंद पडते."

डबा म्हणजे आमचा ॲम्प्लिफायर. १९९४ च्या दिवाळीत बाबांनी तो अकोल्याहून आणला. संग्रामपूरपर्यंतच्या एसटीत तो त्यांनी मांडीवर धरून आणला होता, सामानाच्या फळीवर ठेवू दिला नव्हता. स्पीकरची जोडी मात्र टपावर बांधली होती आणि प्रत्येक थांब्यावर उतरून ते दोर तपासत होते म्हणे. (आत्या, ही गोष्ट तू मला शंभरदा सांगितली आहेस, त्यामुळे तपशील चुकला असेल तर दोष तुझा!) चंदेरी पत्रा, दोन मोठी बटणं, मागे तारांचं जंगल. आमच्या लहानपणी त्या बटणाला हात लावायची परवानगी फक्त बाबांना होती.

मी म्हटलं, "बाबांना दे फोन."

"ते मेसेज करतो म्हणतात."

गेली दोनेक वर्षं हे असंच चाललं होतं. बाबा फोनवर येत नसत. व्हॉट्सॲपवर मात्र लांबलचक, शुद्धलेखनासकट मजकूर पाठवायचे. मला याचं फार कौतुक. ऑफिसमध्ये चारचौघांत सांगायचो, "आमचे बाबा सत्तरी उलटल्यावरही किती नवं शिकतात बघा." हे वाक्य नंतर मला बरंच टोचलं. पण ते पुढे.

रात्री बाबांचा मेसेज आला: "ॲम्प्लिफायर. लक्षण : बटण अर्ध्याच्या पुढे नेले की टिक असा आवाज, लाल दिवा, दोन्ही स्पीकर बंद. पाच मिनिटांनी पुन्हा चालू. कमी आवाजात दिवसभर चालतो. फ्यूज ठीक."

बाबांच्या लिहिण्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते खामगावला एका जिनिंगमध्ये फिटर होते, १९७५ च्या हंगामापासून २००९ पर्यंत. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो या कापसासाठीच. बाबा हंगामात तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुटीच्या दिवशी गावी यायचे. डबल रोलर जिनची देखभाल हे त्यांचं काम. रोलरवरच्या चामडी वॉशरांना खाचा पाडणं, चाकू बसवणं, बेअरिंग बदलणं. त्यामुळे यंत्राबद्दल बोलताना ते आधी लक्षण सांगतात, निदान नंतर. मी इंजिनिअर असूनही असा मेसेज मला लिहिता आला नसता.

(ज्यांना ओहम आणि वॅट या शब्दांची ॲलर्जी आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळले तरी चालेल.)

माझा पहिला संशय व्होल्टेजवर. आमच्याकडे रात्री आठनंतर सगळ्या गल्लीचे कूलर सुरू झाले की ट्यूबलाईट डोळे मिचकावते. बाबांना मीटर लावायला सांगितलं. दोन दिवसांत त्यांनी तक्ता पाठवला: पहाटे ५ ला २३६, दुपारी २ ला २०८, रात्री ९ ला १८८. खाली शेरा: "पहाटेच्या २३६ वरही बंद पडतो." म्हणजे व्होल्टेज हा आरोपी निर्दोष. निदान एकटा दोषी नाही.

दुसरा संशय उष्णतेवर. अशा ॲम्प्लिफायरमध्ये मोठ्या आवाजात साधारण अर्धी वीज स्पीकरकडे जाते आणि अर्धी उष्णता होऊन आतच राहते. ती बाहेर जावी म्हणून झाकणाला जाळी असते. आमच्या डब्याच्या जाळीवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर गजानन महाराजांची तसबीर, आणि हे सगळं काचेच्या शोकेसमध्ये. मी कळवलं: रुमाल काढा, शोकेसमधून बाहेर काढा, धूळ झटका, समोर टेबलफॅन लावा. उत्तर आलं: "केले. महाराजांना वरच्या फळीवर ठेवले. तरी बंद पडतो. मात्र आता पाचाऐवजी दोन मिनिटांत परत सुरू होतो."

इथपर्यंत आम्ही बापलेक मजेत होतो. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत बाबांशी इतकं बोलणं झालं नव्हतं. रोज रात्री जेवणानंतर मेसेजची देवाणघेवाण. बायको म्हणायची सुद्धा, "डबा दुरुस्त नाही झाला तरी चालेल तुम्हाला."

मे महिन्यात पोरांना सुट्या लागल्यावर आम्ही निघालो. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने शेगाव, महाराजांचं दर्शन, आणि मग वरवट बकालवरून संग्रामपूर. उत्तरेला सातपुडा उन्हाने पांढुरका पडलेला. घरात शिरलो तर बाबा बैठकीत खुर्चीवर, पाठ दाराकडे. मी म्हटलं, "बाबा, आलो." ते हलले नाहीत. मुलगी जाऊन गळ्यात पडली तेव्हा दचकले. डुलकी लागली असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत काम काढलं. जे ॲम्प्लिफायर पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, तो 'टिक' आवाज रिलेचा असतो. आतलं काहीतरी हाताबाहेर जातंय असं वाटलं की संरक्षणाचं सर्किट स्पीकरची वाट तोडतं. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नव्हेच. कुठल्यातरी दुसऱ्या बिघाडाबद्दल तो डबा आपल्याला सांगत असतो. आणि उष्णतेने बंद पडायचा असेल तर तो गरम व्हायला वेळ लागतो, दहा-वीस मिनिटं. आमचा तर थंड असतानाही तबल्याच्या एका जोरकस थापेसरशी बंद पडला. हे लक्षण उष्णतेचं नाही. हे एका क्षणात जास्त करंट ओढला गेल्याचं लक्षण आहे.

मग एकेक गोष्ट सुटी करत गेलो. सगळे स्पीकर काढून बटण पूर्ण फिरवलं, नाही बंद पडला. नुसता डावा लावला, ठीक. नुसता उजवा, ठीक. उजव्याच्या तारेचे दोन-तीन केस शेजारच्या खुंटीकडे वाकलेले दिसले. हेच कारण, असं म्हणून मी जवळजवळ उडीच मारली. केस कापले, तार पिळून नीट बसवली, दोन्ही स्पीकर जोडले, आवाज वाढवला. उत्तम! मग बाबांनी पुढचं 'बी'चं बटण दाबलं आणि... टिक.

"बी ला काय लावलंय?" मी विचारलं.

बाबा काही बोलले नाहीत. मी तार धरून मागे गेलो. शोकेसच्या मागून, खिडकीच्या चौकटीखालून ती बाबांच्या खुर्चीपाशी आली होती. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना स्टुलावर लाकडी खोकी, आणि त्यांत जीपमधून काढलेले जुने स्पीकर. बसलेल्या माणसाच्या बरोब्बर कानांच्या उंचीला. आदल्या दिवशी त्यांवर टॉवेल आणि वर्तमानपत्रं होती, म्हणून मला ते दिसलेच नव्हते.

मीटर लावला. गाडीतले स्पीकर चार ओहमचे असतात, मोठे आमचे आठचे. 'ए' आणि 'बी' एकदम चालू केले की ते समांतर जोडले जातात आणि मिळून रोध भरतो २.६७ ओहम. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर छापलेलंच होतं, एक जोडी असेल तर किमान ४ ओहम, दोन्ही जोड्या असतील तर प्रत्येक किमान ८. हिशोब सोपा आहे. सोळा व्होल्ट दिले तर आठ ओहममधून दोन अँपिअर जातात, २.६७ मधून सहा. तिप्पट. बिचारा डबा 'टिक' करणार नाही तर काय करेल?

"लोड जास्त झाला," मी म्हटलं. जरा मोठ्याने, कारण मी खूश होतो.

बाबांनी मान हलवली. "एका शाफ्टवर दोन मशिना. बेल्ट घसरनच." त्यांना ते मनातून आधीच माहीत असावं असं मला तेव्हा वाटलं.

आता यंत्राचा प्रश्न सुटला होता. इथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण मला चेव चढला होता. इतकी वर्षं ओव्हरलोड सोसून मोठ्या स्पीकरचे ट्वीटर तर उडाले नाहीत ना, हे बघावं म्हणून मी मोबाईलवर सूर वाजवणारं एक ॲप घेतलं आणि ॲम्प्लिफायरला जोडलं. पाचशे हर्ट्झ. बाबा म्हणाले, "येते." हजार. "येते." दोन हजार. "येते... बारीक येते." चार हजार.

चार हजार हर्ट्झ म्हणजे शिट्टीसारखा कानात घुसणारा आवाज. माझे दात शिवशिवले. माझी मुलगी कानांवर हात ठेवून बाहेर पळाली. स्वयंपाकघराच्या दारात आई पदर कानाशी धरून उभी होती. आणि बाबा ट्वीटरपासून हातभर अंतरावर बसून, मान थोडी तिरपी करून, शांतपणे म्हणाले,

"नाई येत. ट्वीटर गेला वाटते."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आत गेली.

मी काय केलं? मी म्हटलं, "हो बाबा, गेला असेल. बघू." आणि आवाज बंद केला. कित्येक वर्षांनी बापाशी खोटं बोललो. आधीचं खोटं दहावीच्या प्रिलिमच्या मार्कांचं होतं.

रात्री गच्चीवर आई बोलली. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग फोन नकोसा झाला. मग चौकात गप्पा मारायला जाणं कमी झालं, कारण चार माणसं एकदम बोलायला लागली की यांना काही लागत नाही आणि भलतंच उत्तर दिलं की लोक हसतात. "आधी मी मोठ्यानं सांगू. मग त्यायले वाटे मी चिडून रायली. मग दोनदा सांगू. आता कामाचं तेवढं सांगतो. बाकीचं नाई सांगत."

बाकीचं म्हणजे काय, मी विचारलं.

"काई नाई रे. आज भाजीवाली काय म्हणाली, चिमण्याईनं कुठी घर केलं... दोनदा सांगाव अशा गोठी असतात का त्या?"

पन्नास वर्षांच्या संसारात एवढंच तर बोलायचं उरतं, आणि तेच दोन वर्षांपासून बंद होतं. आम्ही पुण्यात बसून व्हॉट्सॲपचं कौतुक करत होतो.

त्या रात्री झोप आली नाही. पडल्या पडल्या मी डेसिबलचा हिशोब करत होतो. (इंजिनिअरचं रडणं असंच असतं.) आवाज दहा डेसिबलने वाढवायचा तर दहापट वॅट लागतात. वीस डेसिबलला शंभरपट, तीसला हजारपट. घरात आपण गाणी ऐकतो ती बहुतेक वेळा पाव-अर्ध्या वॅटवर. बाबांना जर तीस डेसिबल जास्त हवे असतील तर पाव वॅटचे अडीचशे होतात. आमचा डबा जेमतेम पन्नासचा. ज्या कामाला तो जन्मात पुरणार नव्हता, त्या कामाला बाबांनी त्याला जुंपलं होतं, आणि ते पुरेना म्हणून आणखी दोन स्पीकर लावून वरचा बोजा वाढवला होता.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांच्या समोर बसलो, तोंड दिसेल असा, आणि सावकाश म्हटलं, "बाबा, ट्वीटर गेला नाही. तो वाजत होता. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता."

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. म्हणाले, "मले माईत हाये."

थोड्या वेळाने म्हणाले, "मशीनचा आवाज बदलला का फिटरले समजते. माह्या कानाचा मले नाई समजला का?"

आता हे सांगायलाच हवं की बाबांची ओळखच कानाची होती. बेअरिंग जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. बाबा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावायचे आणि सांगायचे, हे आठ दिवस जाईल, हे उद्याच काढा. जिनिंगच्या त्या गोंगाटात! लोक त्यांना दुसऱ्या जिनमध्येही बोलवून न्यायचे. ज्या कानांनी चौतीस हंगाम पोट भरलं, तेच गेले हे कबूल करणं म्हणजे काय, ते मला आता कळतं. तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"काय सांगू? गावात कानात मशीन घालून फिरू? लोक म्हणतीन बुढा झाला."

"तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे आहात."

"मंग? म्हून काय झालं?" यावर आई आतून हसली. ते हसणं बाबांना ऐकू गेलं नाही, पण मी हसलो ते दिसलं, आणि तेही हसले. त्या हसण्यावर आम्ही अकोल्याला जायचं ठरवलं.

अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली. कागदावर जो आलेख आला तो बघून मला ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातला आलेख आठवला. २५० आणि ५०० हर्ट्झला २५-३० डेसिबल, म्हणजे वयाच्या मानाने छानच. २००० ला ५०. ४००० ला थेट ७५ पर्यंत खड्डा. ८००० ला किंचित वर, ७०. डॉक्टरांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, "कुठे कामाला होते?"

चार हजारापाशी असा खड्डा पडणं ही गोंगाटात काम केलेल्या कानाची खूण असते. वयाने जाणारा कान वरच्या टोकापासून हळूहळू उतरत येतो. गोंगाटाने जाणारा आधी इथे खचतो. बाबांचं दोन्ही मिळून झालं होतं. आतल्या शंखात सुमारे १५-१६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा धरतात. गोंगाटाने आलेलं बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होतं. हे मी नंतर वाचलं. बाबा ज्या काळात कामाला लागले तेव्हा कानात सरकीजवळचा कापूस कोंबायचा, एवढीच युक्ती त्यांना माहीत होती. तीही ते करत नसत. कान झाकला तर बेअरिंग कसं ऐकू येणार?

आणि मला न सुटलेलं एक कोडंही तिथे सुटलं. बाबा नेहमी म्हणायचे, "ऐकू येते, समजत नाई." अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले. ते त्यांना नीट येतात. पण स, श, ख, थ, फ या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत, दोन हजाराच्या पुढे. तीच गेली. म्हणजे 'साखर', 'भाकर' आणि 'चाकर' त्यांच्या कानावर सारखेच पडायचे. वर माणूस ओरडून बोलला की स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. ॲम्प्लिफायरचं बटण फिरवल्यानेही तेच होत होतं. आवाज वाढत होता, शब्द वाढत नव्हते. दोन वर्षं ते त्या शब्दांसाठी बटण फिरवत होते.

दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिले काही दिवस बाबांनी घर डोक्यावर घेतलं. ताटल्यांचा आवाज केवढा, कुकर केवढा ओरडतो, वर्तमानपत्र उलगडलं तर पत्रा फाटल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते, काही आठवडे लागतील, तोवर रोज थोडं थोडं घाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी छताचा पंखा उतरवला. म्हणे, "याचं बेअरिंग वाजून रायलं, कोणाले ऐकू नाई आलं का?" तेल घालून परत लावला. खरंच वाजत होतं. आम्हालाच ऐकू आलं नव्हतं.

सगळं छान झालं असं मात्र म्हणवत नाही. बाबांचे देव म्हणजे वसंतराव देशपांडे. "आपल्या मूर्तिजापूरचे," असं ते अजूनही घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगतात. (वसंतरावांचा जन्म तिथलाच, १९२० चा.) यंत्र लावून पहिल्यांदा त्यांची कॅसेट ऐकली आणि बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे ते नाई." ही यंत्रं मुख्यतः बोलणं कळावं म्हणून बनवलेली असतात. संगीतासाठी त्यात वेगळी सोय असते, ती चालू करून घेतली. थोडं सुधारलं. पण १९९४ ला त्या डब्यातून जे वसंतराव ऐकू यायचे ते आता कुठल्याही यंत्रातून येणार नाहीत. मी तसं काही बोललो नाही. बाबाच म्हणाले, "राहू दे. अर्धं ऐकतो, अर्धं आठवतो."

जीपचे स्पीकर काढले. 'बी'चं बटण बाबांनी स्वतःच चिकटपट्टी लावून बंद केलं. ॲम्प्लिफायर शोकेसच्या बाहेर, उघड्या फळीवर आहे. रुमाल महाराजांच्या खाली गेला. त्यानंतर तो डबा एकदाही बंद पडलेला नाही. बटण साताठाच्या काट्यापुढे जातच नाही, तर पडेल कशाला?

हे सगळं बाबांना विचारूनच लिहितो आहे. ते म्हणाले, "लिही. पण ओहमचा हिशोब बरोबर लिहिजो." तो तपासून घेतला आहे.

तुमच्या घरी असा डबा असेल तर आधी स्पीकर एकेक करून सुटे करा, तारांचे केस बघा, जाळी मोकळी ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. आणि घरी फोन केल्यावर वडील नेहमीच आईकडे फोन देत असतील, तर एकदा जाऊन या. मला हे कळायला दोन वर्षं आणि एक ॲम्प्लिफायर लागला.

परतल्यावर महिन्याभराने, एका दुपारी ऑफिसमध्ये असताना मोबाईल वाजला. बाबांचा नंबर. मेसेज नाही, फोन! मला वाटलं काहीतरी झालं. धावत जिन्यात आलो आणि सवयीने ओरडूनच बोललो, "बाबा! काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

पलीकडे एक क्षण शांतता. मग बाबा म्हणाले,

"हळू बोल ना बाप्पा. ओरडून काऊन रायला?"